सात वाजून बावन्न मिनिटं

नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आल्हाददादा,

बुवा गेला.

परवाच कोकणातून परत आले. तीनदा अंघोळ केली तरी अंगाचा वास जात नाही. आईनं माझे कपडे गच्चीत टांगलेत. शेजारच्या सिंधुबाई जिन्यात गाठून विचारतात, "काय गं, पोटात ती उलटी सापडली का? कोटीला जाते म्हणतात." मी त्यांच्या अंगावर धावून जायचीच बाकी राहिले होते. ज्याची उलटी चोरून विकतात तो देवमासा वेगळ्या जातीचा, आणि त्याच्याही जिवावर हीच हाव उठली आहे.

आमचा बुवा हंपबॅक. तीन वर्षांपूर्वी त्याचा पहिला फोटो तूच पाठवलास, आठवतं? पाण्याबाहेर आलेली शेपूट, डावा कोपरा तुटलेला. पुढे आमच्या अभ्यासगटानं समुद्रात सोडलेल्या, पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रात त्याचं गाणं सापडलं. एकच चरण पंचवीस वेळा घोळवायचा, म्हणून मी त्याला बुवा म्हणायला लागले. कॉलेजात शिकवायचे तास संपले की घरी येऊन मी त्याचंच ऐकत बसायचे. समुद्र इथून दीडशे किलोमीटर आणि मी पंखा बंद करून देवमाशाचं कीर्तन ऐकतेय, यावर तू मला किती चिडवलंस.

किनाऱ्याला लागला तेव्हा त्याचा उजवा जबडा मोडला होता. मणक्यांचे तुकडे झाले होते. शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले, रक्त साकळलंय, म्हणजे धडक बसली तेव्हा तो जिवंत होता. शेपटीच्या बुडाशी जुन्या मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोर मांसात रुतून बसला होता, बहुतेक वर्षभरापासून. जाळ्यानं त्याला अर्धा मारला होता, उरलेला जहाजानं मारला.

दादा, अरबी समुद्रात ही जात शंभरही उरलेली नाही. बाकीचे हंपबॅक थंड समुद्रापर्यंत जाऊन येतात, हे बिचारे कुठेच जात नाहीत. साठच्या दशकात परदेशी शिकारी जहाजांनी त्यातले दोनशेहून जास्त कापले, ते अजून भरून निघाले नाहीत. आणि आता जहाजांची वाट त्यांच्या ताटातूनच जाते. सगळे म्हणतात, अपघात. मला अपघात नकोय. मला माणूस हवाय. जहाज चालवणारा कोणीतरी एक होता ना तिथे? मला त्याचं नाव हवंय, आणि ते मिळालं की त्याला या जन्मात पुन्हा जहाजावर पाय ठेवता येणार नाही असं मी करीन.

तू चीफ ऑफिसर आहेस. सांग, कसं शोधू? आणि जानेवारीपासून तू एकही देवमासा कळवला नाहीस. दिसत नाहीत की विसरलास?

तुझी,
ओवी


कोलंबोच्या वाटेवर
२१ फेब्रुवारी

प्रिय ओवी,

इथून मेल दिवसातून एकदाच जाते, त्यातही मला उशीर झाला. बुवाचं वाचून वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

पण तू विचारतेस म्हणून सांगतो, एवढ्या मोठ्या जहाजावर धडक जाणवतसुद्धा नाही. तीनशे मीटरचं लोखंड, अठरा नॉटचा, म्हणजे ताशी तेहतीस किलोमीटरचा वेग. देवमासा कधी पुढच्या नाकावर अडकून राहतो, तरी ब्रिजवर, म्हणजे आम्ही जहाज चालवतो त्या वरच्या खोलीत, कोणाला पत्ता नसतो. वेग थोडा का पडला म्हणून कोणी पुढे जाऊन वाकून पाहतो, तेव्हा कळतं. मग इंजिन उलटं फिरवून जहाज मागे घेतल्याशिवाय तो सुटत नाही. हे सगळं झालं तरी त्यात एका माणसाचा दोष किती? वर कॅप्टन असतो, त्याच्या वर कंपनी असते, त्यांना बंदरात ठरल्या वेळी पोचायचं असतं.

आणि तूच म्हणतेस, दोर रुतला होता. म्हणजे जाळ्यानंच मेला म्हण. त्या मच्छीमारांना कुठे शोधणार आहेस?

सोडून दे, ओवी. तुझा राग मला लहानपणापासून माहीत आहे. पतंग कापला म्हणून तू त्या गोरक्षच्या सायकलची हवा महिनाभर सोडत होतीस.

इथे बरा आहे. कढी-खिचडी मागायला जहाजावर दुसरा भारतीय नाही, बाकी सगळे फिलिपिनो आणि युक्रेनी. आमचा थर्ड ऑफिसर रेमंड मला रोज त्याच्या कुकरमधला भात देतो. वर्षअखेर कॅप्टनकीचं पक्कं होईल असं दिसतंय. बाबांना सांगितलं तर तुझ्या शामसुंदरकाकांनी यजमानांची पूजा आटोपून त्र्यंबकच्या गल्लीत पेढे वाटून टाकले.

आल्हाददादा


नाशिक
३० मार्च

प्रिय आल्हाददादा,

सोडून दिलं नाही.

डिसेंबरात समुद्रात सोडलेलं यंत्र आमच्या लोकांनी गेल्या आठवड्यात वर काढलं. चार दिवस-रात्र मी कानाला हेडफोन लावून बसले. २७ जानेवारीची सकाळ. बुवा पहाटेपासून गातोय. मग जहाजाची घरघर चढत जाते आणि तो गप्प होतो. जहाजांच्या गोंगाटात हे नेहमीचंच. त्यांना एकमेकांचं ऐकूच येत नाही, मग गाऊन करायचं काय. पण पुढे आठ एक्केचाळीसला ती लांब गेलेली घरघर बंद पडते. आणि मग इंजिन उलटं फिरतं.

भर समुद्रात, ना बंदर ना काही, कोणी जहाज मागे का घेईल? तूच लिहिलं होतंस. तुझं ते वाक्य नसतं तर मी हे ऐकून पुढे गेले असते.

जहाजांच्या मार्गांच्या नोंदी मिळवल्या. त्या सकाळी तिथे मोठं जहाज एकच होतं. दादा, तुझं. मी चारदा तपासलं.

तुला माहीत नसणार हे मला कळतंय. तुझी पाळी चार ते आठ, तू खाली जाऊन झोपला असशील. तुझ्यापासून त्यांनी लपवलं असेल, कारण तुझी बहीण काय करते हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. फक्त एवढंच सांग. आठ एक्केचाळीसला ब्रिजवर कोण होतं?

वाट पाहतेय.

ओवी


मुंबई बंदराबाहेर
२ एप्रिल

ओवी,

आठ ते बारा रेमंडची पाळी असते.

त्याला दोन मुली आहेत. जरा विचार कर.

आल्हाद


नाशिक
२४ एप्रिल

प्रिय आल्हाददादा,

विचार केला. त्याला दोन मुली आहेत आणि बुवाच्या जातीत शंभरही नाहीत.

तक्रार केली. तुमच्या कंपनीला, जहाजांच्या खात्याला, आणि माझ्या ओळखीच्या दोन बातमीदारांना. आवाजाची फीत, मार्गाची नोंद, शवविच्छेदनाचा अहवाल आणि रेमंडचं नाव. तुझं नाव कुठेही येऊ दिलं नाही, काळजी करू नकोस.

काल कंपनीचं उत्तर आलं. "संबंधित अधिकाऱ्याला सेवेतून कमी करण्यात आलं आहे." मी ते वाक्य प्राणिशास्त्राच्या वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पोटातून झाला. असं वाटलं की कोणीतरी पहिल्यांदा या देवमाशाच्या बाजूनं हात उगारला. आता जाळं टाकून पळणाऱ्यांनाही शोधीन, उलटी विकणाऱ्यांनाही. एकेकाला घेते.

तू नाव दिलंस, ते सोपं नव्हतं हे मला ठाऊक आहे. सोबत जेवणाऱ्या माणसाचं नाव द्यायला छाती लागते. तुझा अभिमान वाटतो.

तुझीच,
ओवी


कोलंबो
१ मे

ओवी,

रेमंड काल उतरला. दोन बॅगा, आणि पुढे कुठलीही कंपनी घेणार नाही असा शेरा. उतरताना त्यानं त्याचा भाताचा कुकर माझ्या हातात दिला. म्हणाला, तुला बाहेरचा भात सोसत नाही.

अभिमान वगैरे लिहू नकोस.

आल्हाद


नाशिक
११ मे

आल्हाद,

दादा लिहायला हात धजत नाही.

काल शामसुंदरकाका आले होते. देवळा गावच्या यजमानांनी दिलेले कांदे घेऊन, त्र्यंबकहून एसटीनं, एवढ्या उन्हात. लतिकाकाकूंनी तुझ्या आवडीच्या सांडग्यांचा डबा माझ्याकडे पाठवला, तू आलास की द्यायला. पाणी प्यायले आणि पिशवीतून वही काढून म्हणाले, "ओवी, तू देवमाशातली. सांग बरं, पिठाचा करायचा झाला तर तो नेमका दिसतो कसा? नागबलीच्या पोथीत नागाचं आहे, ह्याचं काही नाही."

मी हसले. मला वाटलं, थट्टा करतायत.

"कोणासाठी, काका?"

"आल्हादच्या जहाजावर कोणी मित्र आहे त्याचा. त्याच्या हातून एक देवमासा मेला. झोप उडालीय म्हणे बिचाऱ्याची. आल्हादनं विचारलं, नाग मारला तर नागबली करतात, तसं ह्याचं करता येतं का. मी म्हटलं, करू. जीव तो जीव. पण ज्यानं मारलं त्यानं स्वतः पाटावर बसायला हवं. नाव-गोत्र घेऊन, मी मारलं, असं मोठ्यानं म्हणायला हवं. दुसऱ्याला बसवून चालत नाही. नाही तर ते नुसतं पीठ."

मग तुझं कौतुक करत बसले. परक्या माणसासाठीसुद्धा पोरगा किती धडपडतो.

आल्हाद, जहाजावर दुसरा भारतीय नाही, हे तूच लिहिलंस. कढी-खिचडी मागायला कोणी नाही, मग नागबली मागायला कोण आला? रेमंड? तो मागेल तर चर्चमध्ये मेणबत्ती मागेल.

काका गेल्यावर मी पुन्हा ती सकाळ ऐकायला बसले. पहिल्या वेळी माझा सगळा जीव त्या आठ एक्केचाळीसवर होता, उलट्या फिरणाऱ्या इंजिनावर. आता मी बुवाचं ऐकलं. तो जहाजाच्या गोंगाटानं गप्प झालेला नाही. तो गोंगाटातही गात होता, अगदी पुसट. चरण अर्ध्यात असताना तुटलाय. त्याच क्षणी गोंगाटामागे एक ठोका आहे. त्यानंतर त्याचं काहीही नाही.

सात वाजून बावन्न मिनिटं.

चार ते आठ कोणाची पाळी असते, ते मला आता विचारावं लागणार नाही.

तू मला दोनदा फसवलंस. माझ्या हातात रेमंडची मान दिलीस आणि मी ती मुरगाळली, वर टाळ्या वाजवून घेतल्या. तुझ्यावर मी किती चिडले आहे हे लिहायला मला शब्द सापडत नाहीत, आणि शब्द सापडत नाहीत असं माझ्या बाबतीत कधी होत नाही हे तुला माहीत आहे.

सोबत आवाजाची फाइल जोडली आहे. बावीस मिनिटांची. हेडफोन लावून, डोळे मिटून, सगळी ऐकायची. मधे थांबवायची नाही. मग मला लिही.

ओवी


जहाजावरून
१५ मे

ओवी,

ऐकलं. दुपारी केबिनचं दार लावून ऐकलं. दोनदा.

सात चाळीसला समोर फवारा दिसला होता. लख्ख उजेड, समुद्र शांत, साडेतीन मैलांवर. वेग कमी करायचा तर कॅप्टनला उठवावं लागलं असतं. डिसेंबरात तुझ्या देवमाशांसाठी मी एकदा वेग उतरवला होता, तेव्हा कॅप्टननं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुला जहाज चालवायचंय की मत्स्यालय?" सगळे हसले होते. आणि फवारा दिसला त्याच आठवड्यात माझ्या बढतीचा अहवाल जायचा होता. मला वाटलं, जाईल खाली. नेहमी बुडी मारतात. त्याच्या शेपटीला दोर आहे हे मला कुठून कळणार? पण दोर नसता तरी मी वेग उतरवला नसता, हेही खरं.

थरथरसुद्धा जाणवली नाही. फवारा पुन्हा दिसला नाही आणि मी स्वतःला सांगितलं की तो गेला. आठला रेमंड आला, मी त्याला "सगळं ठीक" म्हणून पाळी दिली आणि खाली गेलो. अर्धा नॉट वेग पडलाय हे त्याच्या लक्षात आलं. पुढे जाऊन त्यानंच पाहिलं. मला उठवलं. जहाज मागे घेतलं तेव्हा मी पुढे कठड्याशी उभा होतो. तो सुटला, अंग वळलं, शेपूट वर आली. डावा कोपरा नव्हता.

रेमंड म्हणाला, खरं लिहू. कॅप्टन म्हणाला, इंजिनची चाचणी असं लिहा. मी इंजिनची चाचणी असं लिहिलं आणि सही केली. नंतर तुझी मेल आली. प्रश्न असा विचारला होतास की मला खोटंसुद्धा बोलावं लागलं नाही. आठ ते बारा त्याचीच पाळी असते.

सोबत माझ्या सहीचं निवेदन आहे. कंपनीला आणि खात्याला आज पाठवलं. माझ्या डायरीतल्या त्या सकाळच्या पानाचा फोटोही जोडलाय, त्यात फवारा आणि वेळ आहे. कॅप्टनकी गेलीच, परवानाही जाईल बहुतेक. चोवीसला मुंबईत उतरतोय.

एक मागणं आहे. बाबांना काही सांगू नकोस. त्यांनी गल्लीत पेढे वाटलेत. विधी होऊ दे, मग मी सवडीनं त्यांना बाजूला घेऊन सांगेन.

आल्हाद


नाशिक
२० मे

आल्हाद,

तुझं निवेदन मीही पुढे पाठवलं, त्याच बातमीदारांना, विधीनंतरच छापायचं या अटीवर. दया वाटली नाही. एकदा वाटायला लागली होती, तर मी ते सात बावन्न पुन्हा ऐकलं.

रेमंडला मी पत्र लिहिलं. माझ्या चुकीचं सगळं लिहिलं, तुझ्या आडून काही नाही. मला एक नाव हवं होतं आणि पहिलं हाती आलं त्यालाच मी न तपासता चावले. कंपनीला त्याची नोकरी परत द्यायला लावीन, त्यासाठी वर्ष गेलं तरी चालेल. वर्गातही सांगितलं. या वेळी टाळ्या नव्हत्या. मागच्या बाकावरची सृष्टी म्हणाली, "मॅडम, मग खरा कोण?" मी म्हटलं, माझा भाऊ.

काकांनी तीस तारखेचा, शुक्रवारचा मुहूर्त धरलाय. मी त्यांना कागदावर देवमासा काढून दिला. शेपटीचा डावा कोपरा तुटलेला काढला. त्यांनी विचारलं, हे असंच हवं का? मी म्हटलं, असंच हवं. कणीक पाच किलो सांगितली आहे, दळण गिरणीवाल्या लंकाबाईंकडून. शुक्रवारी सकाळी सात वाजता तू त्र्यंबकला असायचं. मी समोर बसणार आहे. माझ्या फोनवर रेमंड असेल, तिकडे फिलिपिन्समध्ये तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात. तू नाव-गोत्र घेऊन म्हणशील ते आधी मराठीत म्हणशील आणि मग त्याला कळेल अशा भाषेत. तुझं झालं की माझ्या वाट्याचं मी म्हणेन.

तू सांगितलंस म्हणून काकांना मी काही बोललेले नाही. एक शब्दही नाही. तुला सवड हवी होती ना, बाजूला घेऊन सांगायला? ती मी तुला देणार नाही. बुवाला कोणी दिली नव्हती.

काकांना अजून वाटतंय की तुझा मित्र येणार आहे. त्यांनी दोन पाट घासून ठेवलेत, एक त्याला आणि शेजारी एक तुला, परका माणूस बुजेल म्हणून. दुसरा पाट नको, असं मी त्यांना म्हटलं नाही.

तू एकावर बसशील. ते थोडा वेळ दाराकडे बघतील. मग विचारतील, "अरे, तो कुठे राहिला?"

तेव्हा तू सांग.

ओवी